युद्धातून परतलात? कोकणात धंदा उभा करण्याआधी हे वाचा

परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला माणूस पैसे उसने मागायला येतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे दचकायला नको. तुमच्या अंगावर विमानात घातलेलेच कपडे असतील, पोरांच्या पायात चपला नसतील, तरी गावाच्या हिशेबी तुम्ही बाहेरून आलेले म्हणजे पैसेवाले. त्याच आठवड्यात तुम्ही तालुक्याच्या बँकेत जाता आणि तिथे कळतं की बँकेच्या हिशेबी तुम्ही कुणीच नाही. गावाच्या लेखी श्रीमंत, बँकेच्या लेखी शून्य. या दोन्हींच्या मधोमध उभं राहून धंदा सुरू करायचा असतो. भांडवल कसं उभं करायचं हे सगळेच सांगतात. पत शून्यावर आलेल्या माणसाने काय करायचं, ते कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आम्ही १९९० साली कुवेतहून आलो. २ ऑगस्टला इराकी फौजा शिरल्या तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा एका बकाल्यात, म्हणजे तिकडच्या किराणा दुकानात, कामाला होते. बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवरच्या वाळवंटात तंबू, मग अम्मान आणि तिथून विमानाने मुंबई. त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात एअर इंडियाच्या पुढाकाराने ४८८ विमानफेऱ्या झाल्या आणि लाखाच्या वर भारतीय परत आले. आम्ही त्यातले चार. मुंबईहून रात्रीच्या एसटीने दापोली. कोकण रेल्वे तेव्हा कागदावर होती, ती पूर्ण धावायला १९९८ उजाडलं.

कागदोपत्री आम्ही निर्वासित नव्हतो. १९५१ च्या करारानुसार स्वतःच्या देशाबाहेर आसरा घेतो तो निर्वासित. आम्ही तर आमच्याच देशात आलो होतो. पण माझा जन्म तिकडचा, भाऊ तिकडचा, शाळा तिकडची. आमच्यासाठी हर्णैजवळचं ते गाव म्हणजे नवा देशच होता. पुढे येमेनमधून २०१५ ला, युक्रेनमधून २०२२ ला, सुदान आणि इस्रायलमधून २०२३ ला माणसं आली. त्यांच्यातलं कुणी ना कुणी ओळखीपाळखीने मला फोन करतं. सुदानहून आलेल्या एका जोडप्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

पहिला आठवडा: फक्त कागद

धंद्याचा विचार नको. एक प्लॅस्टिकची पिशवी घ्या आणि तिकडून आलेला प्रत्येक चिटोरा त्यात टाका. बोर्डिंग पास, छावणीतली चिठ्ठी, अकाम्याची, म्हणजे तिकडच्या निवास परवान्याची, झेरॉक्स, पगाराची पावती, बँकेचं पुस्तक, भाड्याचा करार, मुलांच्या शाळेचा शेवटचा निकाल. पासपोर्ट हरवून आउटपासवर, म्हणजे वकिलातीने दिलेल्या तात्पुरत्या प्रवासदाखल्यावर, आला असाल तर त्याची प्रत काढून ठेवा आणि नव्या पासपोर्टचा अर्ज लगेच करा. तिकडे जन्मलेल्या मुलांचा जन्म वकिलातीत नोंदवलेला आहे का ते बघा. हे राहून गेलं तर दहावीच्या फॉर्मपर्यंत छळतं.

चिटोरे कशाला, तर ऐका. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात भरपाई आयोग नेमला. कुवेत सोडावं लागलेल्यांसाठी ठरावीक रक्कम होती: एकट्याला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला पाच हजार आणि दुसरा कुठलाही दावा करणार नाही असं लिहून दिलं तर चार आणि आठ हजार. बाबांनी अकामा आणि शेवटच्या दोन पगारपावत्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या, म्हणून आमचा अर्ज सरळ गेला. "आता काय उपयोग" म्हणून ज्यांनी कागद बंबात घातले, ते पुढे दोन-दोन वर्षं साक्षीदार शोधत फिरले.

पण ही दुसरी बाजूही ऐका: ते पैसे हातात पडले तेव्हा मी कॉलेज संपवून बसले होते. भरपाईचा अर्ज जरूर करा आणि केला हे विसरून जा. तिच्या भरवशावर कुणाकडून एक रुपयाही उचलू नका.

आणखी एक. तिकडून एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात, पैसे पाठवत असाल तर कायमचे परत आल्यावर ते खातं तसंच चालवायचं नसतं. बँकेला कळवून निवासी खात्यात बदलून घ्या. परकीय चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी खातं मागा. काउंटरवरच्या माणसाला कदाचित माहीत नसेल, शाखाधिकाऱ्यांना विचारा. रोख परकीय नोटा आणल्या असतील तर त्या आधी चालतात का बघा. आमच्याकडे बिस्किटाच्या डब्यात साडेतीनशे दिनार होते. जुलैत एका दिनारला साठेक रुपये येत. सप्टेंबरात मुंबईत काचेपलीकडच्या माणसाने नोट उलटीपालटी करून परत सरकवली. त्यातल्या दोन अजून माझ्याकडे आहेत.

घर, जमीन आणि सातबारा

कोकणात वडिलोपार्जित घर असतंच. राहायला जागा मिळते ही मोठीच गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण राहणं वेगळं आणि धंदा करणं वेगळं.

सातबारा काढा आणि त्यावरची नावं मोजा. आमच्या चौदा गुंठ्यांवर सतरा नावं होती, त्यातली पाच माणसं वारलेली. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी वारस नोंद नव्हती. नियमाने मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं (कागदावर आता 'ग्राम महसूल अधिकारी', गावात तलाठीच). राहिलं असेल तर आता करा. या नोंदीचा दुसरा उपयोग असा, की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असावं लागतं, कूळकायद्याचं कलम ६३. वडिलांच्या खात्यावर तुमचं नाव चढलेलं असेल तर पुढे कधी शेतजमीन घेताना या अटीवर अडत नाही.

सामाईक जागेत स्वतःच्या पैशाने शेड बांधू नका. कितीही मोकळी दिसली तरी नको. आज काका म्हणतील, "बांध रे, तुझंच आहे." ते मनापासून म्हणत असतात. पण तुमची शेड उभी राहून चालायला लागली की मुंबईच्या चुलत भावाला आपला हिस्सा आठवतो. विजेचा व्यापारी मीटर, कर्ज, कुठल्याही कामाला सहहिस्सेदारांची संमती मागतात आणि सतरा सह्या गोळा करणं हा एक स्वतंत्र धंदाच आहे. त्यापेक्षा रस्त्याकडेची एक खोली अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या. भावकीतल्याकडून घेतली तरी करार करा. रागावतील, करा.

एक फेरा नुसता बघा

हा टप्पा लोक टाळतात. हातात थोडे पैसे असतात, रिकामं बसवत नाही आणि गाव तर रोज विचारतं, "मग, पुढे काय?" निदान दोन महिने काही मांडू नका, फिरा.

कोकणात धंद्याची दोन वर्षं असतात: एक ऑक्टोबर ते मे आणि दुसरं जून ते सप्टेंबर. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, रस्ते खचलेले, ऊन नाही म्हणून वाळवण नाही. त्या चार महिन्यांची बेगमी मेअखेर भरायची, तिला आगोट म्हणतात. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकडं, सगळं. गिऱ्हाईक मेअखेर ढिगाने माल घेतं आणि मग गणपतीपर्यंत पाकिटाला हात लावत नाही. चाकरमानी आले की पैसा येतो, ते गेले की जातो. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, शिमगा, आंबा. तुमचा माल यातल्या कुठल्या दारातून आत येणार, हे बघायला डोळेच लागतात, ते कुठल्या प्रकल्प अहवालात नसतं.

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला जाऊन उभे राहा. मासे घ्यायला नको, बघायला. होड्या आत थांबतात, बैलगाड्या पाण्यात शिरून टोपल्या आणतात, वाळूत ढीग लागतो आणि बोली सुरू होते. बोली सगळेच बोलतात, पण लिलाव करणारा प्रत्येकाची धरत नाही. काहींच्या नुसत्या मान हलवण्यावर माल जातो, पैसे नंतर. काहींना आधी नोटा दाखवाव्या लागतात. मी लहान होते तेव्हा बाबा म्हणाले होते, "बघ, त्या काळ्या टोपीवाल्याच्या खिशात माझ्याएवढेच पैसे असतील." फरक फक्त पत असण्या-नसण्याचा. तुम्ही अजून नोटा दाखवणाऱ्यांत आहात, तेव्हा तसाच धंदा निवडा.

पहिला धंदा रोज रोख देणारा हवा

ज्यात आज माल घेतला, आज केला, आज विकला. आमच्याकडे तो आईने शोधला. शाळेतले दोन मास्तर आणि पोस्टातले एक भाऊसाहेब परगावचे होते, खोलीवर स्वतःच भात शिजवायचे. आईने दुपारचे डबे सुरू केले. पहिल्या महिन्यात सात डबे. भांडी घरचीच, गॅस नव्हता, चुलीवर. पैसे दर शनिवारी, महिन्याला नाही. ही आठवड्याची अट तिने पहिल्या दिवशी घातली आणि मास्तरांना ती रास्तच वाटली. नंतर घालता आली नसती.

आज पर्याय जास्त आहेत. दापोली, गुहागर, मालवण भागात पर्यटकांच्या घरगुती खोल्यांना सकाळचे घावणे-चटणी पुरवणारं कुणी लागतं. चादरी धुऊन देणारं लागतं. कुणाला गाडी चालवता येते, कुणाला एसी दुरुस्त करता येतो. आखातात एसीचं काम केलेल्या माणसाला समुद्राकाठी मरण नाही, खाऱ्या हवेने आउटडोअर युनिट कुजतातच. या टप्प्याला कर्ज नको आणि मोठी पाटी नको. घरातलं सोनं विकायचं नाही. अगदीच नड आली तर सोनेतारण ठेवा, पण तेही खेळत्या मालासाठी. फर्निचरसाठी तर मुळीच नाही.

एक वही घाला. रोज रात्री तीन आकडे: किती आले, किती गेले, किती हातात. आईची वही शाळेची होती, शंभर पानी. पुढे बँकेने हिशेब मागितला तेव्हा तीच वही टेबलावर ठेवली.

दुकान टाकायचंच म्हणता?

बाबांनीही टाकलं. त्यांना बकाल्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि माणूस जे येतं तेच करतो. नोव्हेंबरात पडवीला फळ्या ठोकल्या, ओळखीने उधारीवर माल भरला आणि किराणा दुकान सुरू झालं. शिमग्याला बंद पडलं.

का पडलं, हे तिकडून आलेल्या प्रत्येक दुकानदाराला सांगावंसं वाटतं. कुवेतच्या बकाल्यातही उधारी चालायची. पण तिथे पगाराची तारीख असते. महिनाअखेरीला माणूस येतो, वहीवरची रेघ मारून जातो. इथे उधारीला पगाराची तारीख नसते, हंगामाची असते. आंबा गेला की, काजू विकला की, मुलाची मनीऑर्डर आली की. ते बुडवत नाहीत हो, देतात. पण बाबांना ज्या व्यापाऱ्याने माल दिला होता त्याची तारीख तीस दिवसांची होती आणि बाबांनी ज्यांना दिला त्यांची मे महिन्याची. त्या मधल्या पाच महिन्यांत दुकान गेलं. शिवाय प्रत्येक जण नात्यातला आणि "कुवेतवाल्यांना चार किलो साखरेचं काय" हे वाक्य वेगळंच.

तेव्हा दुकान काढायचं असेल तर ते किमान पाच महिने उधारी पोसेल इतका पैसा बाजूला ठेवून काढा, नाहीतर दुसऱ्या वाडीत काढा. दुसऱ्या वाडीत नाही म्हणता येतं.

हंगामी माल: कोकमाची गोष्ट

रोजच्या रोखीवर घर चालायला लागलं की हंगामी मालाकडे वळा. पैसा तिथे आहे. आंबा, काजू, फणस, कोकम, सुकी मासळी. आंब्यात नवख्याने पहिल्या वर्षी शिरू नये असं माझं मत आहे. मोहोर, फवारण्या, पेटी, वाशीचा दर, सगळंच दुसऱ्याच्या हातात. कोकम गरिबाचं आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, बऱ्याच जणांच्या परसात गळून कुजतात, वेचायची परवानगी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

अमृत कोकमाची रीत अशी. पिकलेले लाल रातांबे धुऊन कोरडे पुसायचे. अर्धे कापून गर आणि बिया काढायच्या. सालांच्या वाट्या वजन करायच्या आणि त्याच्या दुप्पट साखर घ्यायची. वाटीत साखर भरून बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधून सात-आठ दिवस कडक उन्हात. रोज एकदा कोरड्या लाकडी पळीने हलवायचं. साखर पूर्ण विरघळली की गाळून, चवीला मीठ-जिरं घालून कोरड्या बाटल्यांत भरायचं. साली टाकायच्या नाहीत, त्या खायला गोड लागतात. बियाही टाकायच्या नाहीत, त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, निघतं आणि भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

यातलं 'दुप्पट' आणि 'कोरडं' हे दोन शब्द आम्ही १९९१ च्या मे महिन्यात गाळले. साखर महाग, म्हणून सव्वापट घातली. ऊन सहाच दिवस मिळालं, वळीव आला, बाटल्या ओल्याच राहिल्या. साठ बाटल्या भरून आईने माळ्यावर मांडल्या. मृगाचा पाऊस लागला.

रात्री दोनच्या सुमाराला वर फाटकन आवाज झाला. मग दुसरा. मी डोळे उघडले तेव्हा बाबांनी मला आणि भावाला ओढून जात्याच्या कोनाड्यात कोंबलं होतं आणि स्वतः आमच्यावर आडवे झाले होते. लाईट नव्हती. तिसरा आवाज. फळ्यांच्या फटींतून माझ्या हातावर काहीतरी गरम-चिकट पडलं. खरं तर थंडच होतं, मला गरम वाटलं. आईने चिमणी लावली. गोधडीवर, बाबांच्या पाठीवर, सगळीकडे लाल. कुणी काही बोललं नाही. मग भावाने हात चाटला आणि म्हणाला, "गोड आहे."

एकवीस बाटल्यांची बुचं उडाली होती. बाबा ओटीवर जाऊन बसले ते उजाडेपर्यंत. आई त्याच रात्री उरलेल्या बाटल्या उघडून पातेल्यात ओतत बसली. पाक परत उकळून काही वाचला, विकण्याजोगा नव्हता, गणपतीत पाहुण्यांना पाजला.

कारण साधं आहे. पाकात विरघळलेला घनभाग, मुख्यतः साखर, पासष्ट टक्क्यांच्या वर असला तर त्यात यीस्ट सहसा वाढत नाही. खाली गेला की आंबतो, वायू धरतो आणि बाटली फुटते. आज हे मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, एक थेंब काचेवर टाकायचा आणि आकडा वाचायचा. पहिल्या कमाईतून तो घ्या. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात फळप्रक्रियेची प्रशिक्षणं होतात. टिकाऊपणासाठी काय, किती घालायचं ते तिथे रीतसर सांगतात. आम्हाला १९९१ ला तिथे जाऊन विचारता आलं असतं, दापोली एसटीने तासाभरावर होती. लाज वाटली. तुम्ही लाजू नका.

परवाने

हे वाटतं तेवढं अवघड नाही, पण क्रम पाळा.

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी. छोट्या घरगुती व्यवसायाला नुसती नोंदणी पुरते, वर्षाला शंभर रुपये सरकारी शुल्क. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, बॅच, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, पत्ता आणि शाकाहारी असेल तर हिरवं चिन्ह. मग उद्यम नोंदणी. ती आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे. सरकारी दिसणाऱ्या संकेतस्थळावर कुणी पैसे मागत असेल तर ते सरकारी नाही. जागेसाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. जीएसटी वस्तूंसाठी वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, सेवांसाठी वीस. परराज्यात किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत, सीएंना एकदा भेटा.

अनुदानाच्या योजना आहेत. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना. पहिलीची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते, दुसरीची कृषी विभागात. स्वतः जा. अटी बदलत राहतात, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रकच मागा. एजंट घेऊ नका. आम्ही एकदा घेतला होता. त्याने अर्जात आमचा उद्योग 'मत्स्यखाद्य' असा लिहिला.

अनुदान असलं तरी आधी कर्ज मंजूर व्हावं लागतं आणि बँक तुमचा सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा गुणांक, बघते. तिकडे दहा वर्षं होतात, इथे कधी कर्जच नाही, म्हणून तो वाईट नसतो, कोरा असतो. कोऱ्याला बँक वाइटाइतकीच घाबरते. उपाय असा: पंचवीस-तीस हजारांची मुदत ठेव ठेवा, तिच्यावर छोटं कर्ज काढा आणि वर्षभर एकही हप्ता न चुकवता फेडा. व्याजात थोडं जातं, ते फी समजा. मग सरकारच्या मुद्रा कर्जयोजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय मागायला तोंड राहतं. आईने हे बचत गटातून केलं: महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, आतल्या आत कर्ज घ्यायचं, वेळेवर फेडायचं. बायकांसाठी अजून तोच सगळ्यात सरळ रस्ता आहे, सरकारच्या 'उमेद' अभियानाचे गट गावोगाव आहेत.

गावातली पत

बँकेची पत कागदावर होते, गावची होत नाही. आईने काय केलं ते सांगते.

बाटल्या फुटल्या त्या वर्षी साखरेचे पैसे द्यायचे होते. व्यापारी हर्णैचे, ओळख जेमतेम. माल वाया गेला हे त्यांच्या कानावर आलंच होतं. आई दुसऱ्या आठवड्यात भर पावसात चालत गेली, डब्यांचे साठलेले थोडे पैसे त्यांच्या गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाली, "भाऊ, बाकीचे दर पंधरवड्याला देईन. गणपतीला एकदम देते असं सांगत नाही, कारण गणपतीला माझ्याकडे नसतील." ती दर पंधरवड्याला गेली. कधी चाळीस रुपये, कधी पंधरा. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात फिटले.

पुढच्या एप्रिलला ते स्वतः सायकलवरून आले. ओटीवर बसून पाणी प्यायले आणि विचारलं, "वहिनी, यंदा किती पोती टाकू?" पैशांचा विषयच नाही. त्या वर्षी साखर दुप्पट घातली.

म्हणून सांगते: देणं थकलं तर तोंड चुकवू नका. आधी जा आणि खरी तारीख सांगा, गोड नको. आणि उलट बाजूने, उसने मागायला येतात त्यांना पहिल्या वर्षी नाही म्हणा, जेवायला मात्र बसवा. एकदा दिलेत तर गावाचा अंदाज खरा ठरतो आणि रांग लागते. एक पळवाट माझ्या आजीने शिकवली होती: पैसे नाहीत म्हणायचं नाही, "पैसे मालात अडकलेत" म्हणायचं. कोकणात हे कुणालाही पटतं, सगळ्यांचेच अडकलेले असतात.

मुलांबद्दल एवढंच, की त्यांना धंद्यात घ्या, पण हिशेबाला बसवा, ओझी उचलायला नको. मला मराठी लिहिता येत नव्हतं. सहावीत बसवलं, पोरं 'अरबी' म्हणून चिडवायची. आईच्या वहीतले आकडे लिहिता-लिहिता माझं मराठी आलं. आणि दिवाळीला फटाके वाजले की घरातला मोठा माणूस उठून आत गेला, तर त्याच्या मागे जाऊ नका, थोड्या वेळाने चहा घेऊन जा.

धंदा कुणाच्या नावावर

हा प्रश्न शेवटी ठेवलाय, पण नोंदणीच्या फॉर्मवर तो पहिल्याच ओळीत असतो. घरात जो राहणार, त्याच्या नावावर. जो परत जाण्याची शक्यता आहे त्याच्या नाही.

कारण बोलावणं येतं. युद्ध थांबतं, दुकानं उघडतात, जुना कफील, म्हणजे व्हिसा देणारा तिकडचा मालक, चिठ्ठी धाडतो, आता तर व्हॉट्सॲपच. तेव्हा घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, इथे चार वर्षांत जेवढं झालं नाही तेवढं तिकडे सहा महिन्यांत. दुसरा म्हणतो, पुन्हा झालं तर? दोघंही बरोबर असतात. पण ज्याच्या सहीवर खातं, नोंदणी आणि भाडेकरार, तो विमानात बसला की धंदा अडतो. मुखत्यारपत्र करता येतं, पण तालुक्याच्या बँकेत मुखत्यारपत्र घेऊन उभं राहिलेल्या बाईला किती फेऱ्या घालाव्या लागतात ते मी शेजारच्या काकींचं पाहिलंय. आमचं सगळं आईच्या नावावर होतं. तेव्हा काही दूरदृष्टी नव्हती. डबे तिचे होते, म्हणून नाव तिचं.

बाबांना १९९३ च्या मे महिन्यात बोलावणं आलं. ते चार वर्षांसाठी गेले. दुपारच्या एसटीवर त्यांना सोडायला मी, भाऊ आणि काका गेलो. आई आली नाही, बरण्या उन्हात होत्या.